स्वामी : आळेगावची क्षमा आणि थेऊरचा शेवट

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली. १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि पुढे दूरदर्शनवरील मालिकेमुळे ज्या घरांत पुस्तक पोहोचले नव्हते तेथेही माधवराव आणि रमाबाई ही नावे जिव्हाळ्याची झाली. इतक्या वाचल्या गेलेल्या कादंबरीविषयी आता नव्याने काय लिहावे, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अकोटसारख्या ठिकाणी बसून ही कादंबरी वाचताना दोन प्रश्न मनात उभे राहतात. पुण्याच्या वाचकाला ते बहुधा पडत नाहीत, आणि आपल्यासारख्या ख्रिस्ती कुटुंबांतील वाचकांनी तर ते टाळू नयेत.

आपल्या ऐतिहासिक कादंबरीत फितूर हा एक ठरलेला पुरुष असतो. त्याची नजर खाली, बोलणे गोड आणि हेतू काळा. गड पडला की दोष त्याच्या माथी मारावा आणि बाकीच्यांनी निर्दोष राहावे, अशी ही सोय आहे. देसाई यांनी ती नाकारली, हे त्यांचे पहिले यश. त्यांचे राघोबादादा खलपुरुष नाहीत. ते शूर आहेत, १७५८ साली मराठ्यांचे घोडे अटकेपर्यंत गेले ते त्यांच्याच नेतृत्वाखाली. पुतण्यावर त्यांची मायाही आहे. पण कोणी कानाशी लागले की ही माया पातळ होते, आणि ‘वडील मी असताना गादी पोराची’ हा सल वर येतो. असा मनुष्य आपल्यापैकी प्रत्येकाच्या नात्यात एखादा तरी असतो, म्हणूनच कादंबरीतील भाऊबंदकी दोन शतकांपूर्वीची वाटत नाही.

पानिपतानंतर नानासाहेब पेशवे वारले, आणि १७६१ साली माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले. पुढच्याच वर्षी काका रुसून पुण्याबाहेर पडले. निजाम आणि नागपूरकर जानोजी भोसले यांचे बळ त्यांच्या पाठीशी होते. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावच्या लढाईत पुतण्याचा पराभव झाला. हाती फौज उरली असताना, आणखी झुंजण्याचा सल्ला देणारी माणसे भोवती असताना, माधवराव स्वतः काकांच्या छावणीत गेले आणि त्यांच्या स्वाधीन झाले. घर फुटले तर राज्य फुटेल आणि निजामाला आयते फावेल, हे सतरा वर्षांच्या मुलाला कळले होते.

माझ्या मते कादंबरीचा प्राण येथे आहे. माधवरावांचा स्वभाव मुळात मानी आणि तापट. अशा मनुष्याने आपला अभिमान आपल्याच हाताने खाली ठेवला. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, राक्षसभुवनावर निजामाचा पराभव झाला. त्या रणात शत्रूच्या गराड्यात सापडलेल्या काकांच्या मदतीला हाच पुतण्या धावून गेला. येथे कथा संपली असती तर ती एक सुंदर बोधकथा झाली असती. पण इतिहास बोधकथा होण्यास तयार नसतो. दादांचे कारस्थान पुन्हा उभे राहिले, १७६८ साली धोडपला ते पराभूत होऊन कैद झाले, आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत राहिले. आणि अखेर १७७२ साली, क्षयाने खंगलेल्या माधवरावांनी मृत्युशय्येवरून धाकट्या भावाचा, नारायणरावाचा हात त्याच काकांच्या हाती दिला.

कादंबरी १७७२ लाच थांबते. पण ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात काय घडले, हे मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असते. त्यामुळे तो हात सोपवण्याचा प्रसंग वाचताना वाचकाच्या अंगावर काटा येतो. लेखकाने एक अक्षर न लिहिता हा परिणाम साधला आहे.

प्रश्न असा की, आळेगावी जे घडले तो समेट होता काय? उधळ्या पुत्राचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. त्यात बाप धावत जातो हे खरे, परंतु त्याआधी मुलगा परदेशात भानावर येऊन उठलेला असतो. प्रायश्चित्त संस्कारातही क्षमा देवाची कृपा असली, तरी पश्चात्ताप, कबुली आणि शक्य ती भरपाई यांना फाटा मिळत नाही. दादांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांना क्षमा मिळाली, आणि त्यांनी तिचा अर्थ ‘मीच बरोबर होतो’ असा घेतला. क्षमा एका बाजूने करता येते, समेटाला मात्र दोघे लागतात. शेताच्या बांधावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत आणि मिस्सेत मात्र एकाच बाकावर बसतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. देसाई यांना तो जाणवला होता असे कादंबरीच्या उत्तरार्धातील थकव्यावरून वाटते. मात्र ते त्यावर थांबत नाहीत, नायकाच्या औदार्याचे तेज त्यांना अधिक मोहवते.

दुसरा प्रश्न आमच्या वऱ्हाडाचा. जानोजी भोसले कादंबरीत दिसतात ते पुण्याच्या खिडकीतून, म्हणजे संधिसाधू म्हणून. ते तसे होतेच. राक्षसभुवनापूर्वी त्यांनी निजामाची बाजू सोडली आणि त्याबद्दल बत्तीस लाखांचा मुलूख मिळवला. १७६६ साली पेशवे आणि निजाम एकत्र येऊन चालून आले, तेव्हा त्यांतला चोवीस लाखांचा परत द्यावा लागला. १७६९ मध्ये पेशव्यांची फौज पुन्हा आली, नागपूर लुटले गेले, आणि कनकापूरचा तह झाला. १७६३ साली निजाम-भोसल्यांनी पुणे लुटले व जाळले त्याचे दुःख कादंबरीच्या वाचकाला होते, नागपूरचे होत नाही. निजाम आणि भोसले अशा दुहेरी अंमलाखाली दोन धन्यांना वसूल देणाऱ्या वऱ्हाडी कुणब्याचे तर नावही नाही. काकांना क्षमा करणारा नायक सरदाराला मात्र दंडानेच वाकवतो. त्यामागील राजकारण योग्य असेल, पण मनातील अढी गेली नाही. १८०३ साली तिचे फळ आमच्याच परिसरात दिसले. अडगावच्या मैदानावर २९ नोव्हेंबरला शिंदे-भोसले इंग्रजांशी लढले, होळकर दूर राहिले. डिसेंबरात गाविलगड पडला, आणि शिंद्यांचा तह झाला तो अंजनगाव सुर्जीस, जे अकोटहून परतवाड्याकडे जाताना वाटेत लागते. या त्रयीवर रमाबाई-माधवरावांइतक्या जिव्हाळ्याने कोणी कादंबरी लिहील काय? असो.

आता रमाबाई. पेशवेकालीन दरबारी भाषेचा गोडवा, वाड्यातील सण, नवराबायकोचा अबोला आणि त्याचे मिटणे, हे सारे देसाई यांना फार चांगले जमते. कधी कधी गरजेपेक्षा अधिकच जमते, आणि राज्यकारभाराची पाने त्या मानाने कोरडी वाटतात. गोपिकाबाईंच्या दुराव्यात जे कठीण नाट्य आहे ते रमाबाईंच्या वाट्याला येत नाही. त्या वाट पाहतात, सेवा करतात, आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला पतीमागे सती जातात. ही ऐतिहासिक घटना आहे, लेखक ती बदलू शकत नव्हता. परंतु तिला प्रेमाची परिपूर्ती म्हणून रंगवणे हा त्याचा निर्णय होता. इतक्या मंगल सुरात तो प्रसंग उतरला आहे की वाचक रडतो आणि त्या रडण्याने तृप्त होतो. ही तृप्ती मला खटकते. सतीची चाल इंग्रजी मुलखात १८२९ साली कायद्याने बंद झाली, आणि तरीही १९८७ साली राजस्थानातील देवराळा गावी अठरा वर्षांची रूपकंवर चितेवर जळाली व हजारो लोक जयजयकार करण्यास जमले. आपल्या विवाहविधीतील वचन ‘मरणापर्यंत’ असते. त्यापुढे विधवेचे आयुष्य तिचे आणि तिच्या परमेश्वराचे. घरातील मुलींच्या हाती ‘स्वामी’ जरूर द्यावी, पण शेवटच्या प्रकरणानंतर त्यांच्याशी थोडे बोलावे. रमाबाई जगल्या असत्या तर पुढच्या वर्षी ऑगस्टात, शनिवारवाड्यात नारायणराव धावत सुटला तेव्हा, एक वडीलधारी वहिनी तेथे असती.