शून्यांनी भरलेली प्रत : एका दुरुस्तीची परीक्षा

प्रयोगशाळेतील एखादे उपकरण बिघडले की 'यात नुकताच काय बदल केला?' हा प्रश्न आपण प्रथम विचारतो. प्रश्न योग्यच आहे. पण त्याच्या उत्तरालाच बिघाडाचे कारण समजण्याची घाई पुष्कळदा होते. २०२३ सालच्या नोव्हेंबर महिन्यात संगणकक्षेत्रात घडलेले एक प्रकरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. त्यातील दोष सापडला आणि दुरुस्तही झाला. मात्र विद्यार्थ्याची प्रयोगवही तपासावी तसा हा शोध तपासला, तर काही पायऱ्यांना पूर्ण गुण द्यावे लागतात आणि काही ठिकाणी ते कापावे लागतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. संगणकाच्या डिस्कवर केवळ क्रमांक दिलेले ठोकळे म्हणजे 'ब्लॉक' असतात. कोणत्या फाईलचा कोणता भाग कोणत्या ब्लॉकमध्ये आहे याची नोंद ठेवणाऱ्या आज्ञावलीला फाईल-व्यवस्था म्हणता येईल. झेडएफएस ही अशीच एक फाईल-व्यवस्था. ती सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत तयार झाली आणि २००५ साली तिची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली. आज तिचे 'ओपनझेडएफएस' हे रूप वापरात आहे. प्रत्येक ब्लॉकबरोबर पडताळ्याचा एक अंक ठेवायचा आणि वाचताना तो जुळतो की नाही ते पाहायचे, हे तिचे वैशिष्ट्य. म्हणूनच माहिती गमावणे परवडत नाही अशा ठिकाणी तिच्यावर भिस्त ठेवली जाते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची २.२.० ही आवृत्ती निघाली. तीत 'ब्लॉक क्लोनिंग' ही नवी सोय होती. प्रत काढताना मजकूर पुन्हा न लिहिता जुन्याच ब्लॉकांकडे बोट दाखवणारी नवी नोंद करायची, अशी ही युक्ती. पुढच्याच महिन्यात जेन्टू लिनक्स वापरणाऱ्या एकाची तक्रार आली. 'गो' या संगणकभाषेची साधने बसवताना काही फाईलींच्या प्रती बिघडल्या होत्या. मजकुराच्या जागी नुसती शून्ये होती. चुकीचा संदेश नाही, पडताळ्यातही काही गैर नाही. प्रतीत शून्ये आहेत अशीच रीतसर नोंद झालेली असल्याने पडताळा न जुळण्याचे कारणच नव्हते. जे लिहिले ते तसेच परत मिळाले, एवढेच पडताळ्याचा अंक सांगतो. योग्य तेच लिहिले गेले होते का, हे त्याला विचारून उपयोग नाही.

प्रती बिघडत होत्या आणि प्रत काढण्याची नवी सोय नुकतीच आली होती. संशय तिच्यावर गेला यात नवल नाही. २.२.१ ही आवृत्ती काढून ती सोय बंद ठेवण्यात आली. खबरदारी म्हणून हे पाऊल योग्यच होते; लोकांची माहिती पणाला लागलेली असताना पुराव्यासाठी थांबणे शहाणपणाचे ठरले नसते. पण खबरदारी आणि निदान यांतील सीमारेषा येथे पुसट झाली. सोय बंद केली म्हणजे धोका टळला, असा समज पुष्कळांनी करून घेतला. येथे गुण कापावे लागतात.

पूर्ण गुण द्यायचे ते यापुढील पायरीला. तपास करणाऱ्यांनी बिघाड मुद्दाम घडवून आणणारी एक छोटी आज्ञावली रचली. एक लहान फाईल यादृच्छिक मजकुराने भरायची, तिच्या प्रती, त्या प्रतींच्या प्रती असे झपाट्याने करत जायचे, हे काम एकाच वेळी अनेक ठिकाणी चालवायचे आणि शेवटी प्रत्येक प्रत मूळ फाईलशी ताडून पाहायची. ही आज्ञावली कोणालाही आपल्या संगणकावर चालवता येत होती. तिने नवी सोय बंद असतानाही बिघाड दाखवला. ती सोय मुळात नसलेल्या जुन्या २.१ मालिकेतही दाखवला. पहिला तर्क एका फटक्यात बाद झाला. आपला तर्क खोटा ठरू शकेल असा प्रयोग रचणे, ही येथील मोलाची गोष्ट.

खरे कारण वेगळेच निघाले. फाईलमधला एखादा मोठा भाग शून्यांचा असेल तर तो डिस्कवर न लिहिता 'येथे पोकळी आहे' एवढीच नोंद करता येते. प्रत काढणारा प्रोग्रॅम म्हणून आधी विचारतो, 'यात मजकूर कोठे आहे आणि पोकळी कोठे?' लिनक्सवर सर्रास वापरला जाणारा 'सीपी' हा प्रोग्रॅम २०२१ पासून हा प्रश्न नेमाने विचारू लागला. इकडे नव्याने लिहिलेला मजकूर आधी मेमरीत असतो आणि काही सेकंदांनी डिस्कवर उतरतो. तोवर ती फाईल 'काम बाकी' अशा यादीत असते. डिस्कवर उतरवताना ती एका यादीतून काढून दुसऱ्या यादीत घातली जाते, आणि मध्ये एक अत्यल्प क्षण असा येतो की ती कोणत्याच यादीत नसते. नेमका तेव्हा प्रश्न आला, तर फाईल-व्यवस्था डिस्कवरची नोंद पाहते. तेथे अजून काहीच उतरलेले नसते. उत्तर मिळते, 'सारी पोकळी!'

तुकडी बदललेल्या विद्यार्थ्याचे नाव एका हजेरीपटातून काढले आहे आणि दुसऱ्यात अजून चढवलेले नाही, अशा वेळी कोणी चौकशी केली, तर 'असा विद्यार्थी शाळेत नाही' असे उत्तर मिळेल, तसेच हे. दुरुस्तीही त्याच धर्तीची होती: केवळ यादी न पाहता त्या फाईलचे लिहायचे काही शिल्लक आहे का, हेही पाहायचे. नोव्हेंबरअखेर २.२.२ आणि २.१.१४ या आवृत्त्यांतून ती सर्वांपर्यंत पोचली.

मधल्या काळात एक अंतर्गत मांडणी बदलण्याचा तात्पुरता उपाय सुचवला गेला होता. त्याने बिघाडाचे प्रमाण घटले, पण शक्यता संपली नाही. येथे गणित उपयोगी पडते. समजा, बिघाड दर हजार प्रयत्नांत सरासरी एकदा होतो. मग हजार प्रयत्नांत तो एकदाही न दिसण्याची संभाव्यता ०.९९९ चा हजारावा घात, म्हणजे सुमारे ३७ टक्के. तीन हजार प्रयत्न केले तरी ती सुमारे ५ टक्के उरते. म्हणून 'चालवून पाहिले, काही झाले नाही' हा दुरुस्तीचा पुरावा अपुरा पडतो. तो क्षण का उद्भवतो याचा उलगडा झाला आणि ती फटच बुजवली गेली, म्हणून ही दुरुस्ती विश्वासार्ह ठरते.

एक उणीव मात्र राहिलीच. आधी बिघडलेल्या प्रती या दुरुस्तीने सुधारत नाहीत, आणि त्या ओळखण्याची खात्रीची रीतही नाही. कारण पुष्कळ निर्दोष फाईलींतही शून्यांचे लांब पट्टे असतात. मूळ फाईल शाबूत असेल तर तिच्याशी ताडून पाहणे, एवढाच मार्ग उरतो.

वरचे संभाव्यतेचे गणित अकरावी-बारावीच्या वर्गात सहज घेता येईल. प्रयत्न किती केले म्हणजे 'दोष उरला नाही' असे ९९ टक्के खात्रीने म्हणता येईल, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. उत्तर सुमारे ४,६०० येते. त्यानंतर विचारावे, दोष हजारात एकदा होतो हे आपल्याला आधी कोणी सांगितले?