मुलाम्याची इभ्रत

‘मुलामा’ हा शब्द मराठीत विनाकारण बदनाम आहे. वर चांदी नि आत पितळ म्हटले की ढोंग, असा आपला निकाल ठरलेला. पण कल्हई उडालेल्या पितळेत आमटी कळकते हे ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, त्या घरांनी तरी मुलाम्याला सरसकट नावे ठेवू नयेत. खरा प्रश्न असा की, मुलाम्याखाली काय आहे?

दोन महायुद्धांमधल्या काळात पाश्चात्त्य देशांत कॉकटेलची जी चांदी चढविलेली भांडी घडली, त्यांच्याकडे या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. सोवळ्या वाचकांनी बिचकू नये. आपल्याला भांडे पाहायचे आहे, आतले पेय नव्हे.

विजेच्या प्रवाहाने चांदी चढविण्याचे पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० साली घेतले. आज दिघीला लागून असलेल्या भोसरीत यंत्रांच्या सुट्या भागांवर जस्त-निकेल चढते, ते याच विद्येने. एकोणिसाव्या शतकाने मात्र या विद्येला द्राक्षवेली, पऱ्या नि सिंहमुखे मढवायला लावले. थोडक्या पैशांत राजवैभवाचा आव आणायचा, हे खरे ढोंग!

१९३०च्या दशकात स्वीडनच्या सिल्व्हिया स्टावे हिने हॉलबेर्ग या पेढीसाठी घडविलेला कॉकटेल-शेकर याच्या अगदी उलट आहे. एक चेंडू आणि त्याला कमानदार मूठ, बस्स. नक्षीचा मागमूस नाही. खोलीतला उजेड अंगावर फिरतो, तीच नक्षी. येथे चांदी काही झाकत नाही, आकार उजळते. हा शेकर पुढे कित्येक वर्षे बाउहाउसच्या मारिआन ब्रांट हिच्या नावावर खपला, यात नवल ते काय? तिची १९२४ची चहादाणीही अशीच शुद्ध भूमितीतून जन्मलेली.

उलट अमेरिकेच्या नेपियर कंपनीचा १९३६चा पेंग्विन पाहा. चोचीतून पेय ओतायचे! गंमत खरी, पण एकदा हसून झाले की पाहायला फारसे उरत नाही.

मराठी माणसाच्या घरी ही नवी दृष्टी आली ती इंदूरला. यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराने १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग उभारली, सजविली. तिथली चांदीची उपकरणी पॅरिसच्या झाँ प्युइफोर्काची. साधेपणा अव्वल, पण राजाच्याच खजिन्याला झेपणारा. १९८०मध्ये त्या संग्रहाचा मोनॅकोत लिलाव झाला, तेव्हाही तो धनवंतांचाच सौदा होता. साधेपणा असा महाग व्हावा, ही या कलेची शोकांतिका. तिच्यावर उतारा एकच होता, आणि तो म्हणजे बदनाम मुलामा.

त्याची कसोटी आपल्याच फडताळात आहे. फिरकीचा तांब्या घ्या. प्रवासात पाणी सांडू नये म्हणून झाकणाला आटे, हाती धरता यावा म्हणून गोल पोट. कामातून आकार आला, आकारातून रूप. त्याला चांदी चढवा वा न चढवा, त्याचे काही अडत नाही. मुलामा उडाल्यावरही जे देखणे राहते, तेच भांडे मुलाम्याला पात्र.