एका व्यायामशाळेचें भिंतीवरील वाङ्मय

टीकालेखाचा विषय ग्रंथच असला पाहिजे असा संकेत आहे, व तो आम्ही आजवर निमूटपणें पाळीत आलों. परंतु गेल्या उन्हाळ्यांत न्यू जर्सी राज्यांत आमच्या कन्येच्या घरीं दोन महिने राहण्याचा योग आला असतां जें वाङ्मय आमच्या मनांत सर्वांत अधिक घोळत राहिलें तें छापील पुस्तकांतलें नसून एका व्यायामशाळेच्या भिंतीवरचें होतें. ही व्यायामशाळा म्हणजे 'प्लॅनेट फिटनेस' नामक संस्थेची एक शाखा. कन्या तिची वरच्या वर्गाची सभासद आहे, व त्या वर्गाच्या सभासदास आपल्यासोबत एक पाहुणा नेतां येतो. तो पाहुणा आम्ही.

संस्थेचा इतिहास थोडक्यांत असा. १९९२ सालीं न्यू हॅम्पशायर राज्यांतील डोव्हर ह्या गांवीं ग्रॉन्डाल बंधूंनीं एक डबघाईस आलेली व्यायामशाळा विकत घेतली. त्या काळीं अमेरिकेंत व्यायामशाळेचा दबदबा म्हणजे जो गोल्ड ह्यानें १९६५ सालीं कॅलिफोर्नियांत काढलेल्या 'गोल्ड्स जिम'चा, म्हणजे आरशापुढें दंड फुगवून उभ्या राहणाऱ्या पिळदार वीरांचा होता. ह्या बंधूंनीं नेमकी उलट वाट धरली. ज्यांस पहिलवान व्हावयाचें नाहीं, किंबहुना पहिलवानांच्या सहवासाचीच ज्यांस धास्ती वाटते, अशा सामान्य शरीराच्या लोकांस त्यांनीं बोलाविलें. १९९८ पासून मासिक वर्गणी अवघी दहा डॉलर ठेवली. ती २०२४ च्या जूनपर्यंत वाढली नाहीं, व तेव्हांहि नव्या सभासदांसाठीं पंधरा झाली इतकेंच. आपलें नांव व पद्धति वापरण्याचा हक्क इतर धंदेवाल्यांस देऊन संस्थेनें देशभर शाखा पसरविल्या. २०२४ अखेर शाखा २,७०० हून अधिक व सभासद दोन कोटींच्या घरांत होते.

आतां मूळ संहितेकडे वळूं. आंत पाऊल टाकतांच जांभळा व पिवळा ह्या दोन रंगांनीं डोळे दिपतात, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत संस्थेचें ब्रीद दिसतें: 'जजमेंट फ्री झोन'. येथें कोणी कोणाचा निवाडा करीत नाहीं, असा त्याचा भाव. अमेरिकन लोक 'जजमेंट' शब्दाच्या मध्यें जो 'ई' गाळतात तो ह्या संस्थेनें विलायती वळणानें जागच्या जागीं ठेवला आहे. तीस वर्षें विद्यार्थ्यांच्या वह्या तपासणाऱ्या आमच्या डोळ्यांस तेवढ्यानेंहि बरें वाटलें! पण खरें सांगावयाचें तर आम्ही जागींच थबकलों तें ह्या अक्षरासाठीं नव्हे. "बाबा, चला ना," कन्या म्हणाली, "इथं कोणी तुमच्याकडे बघत नाहीं."

आम्ही अकरा वर्षांचे असतां वडिलांनीं आम्हांस गल्लींतल्या तालमींत घातलें होतें. हौद्याची लाल माती, तेलाचा वास, भिंतीशीं उभीं केलेलीं करेलें, आणि जोर मारणाऱ्या मुलांच्या छातींतून निघणारा तो एकसुरी हुंकार आम्हांस अद्यापि आठवतो. पहिल्याच दिवशीं सदरा काढून लंगोट लावून उभे राहिलों, तेव्हां वस्ताद आमच्या बरगड्यांकडे पाहून म्हणाले, "अरे, दार लावून घ्या. ह्याला वारा लागेल." सारी तालीम हंसली. आम्ही पंधरा दिवस कसेबसे गेलों व मग गेलों नाहीं. पुढें चाळीस वर्षें जेथें सदरा काढावा लागतो अशा कोणत्याहि जागीं, नदीच्या घाटावर देखील, आम्ही चार लोक निघून जाण्याची वाट पाहिली आहे. तेव्हां भिंतीवरील त्या तीन शब्दांत आम्हांस जें सांत्वन मिळालें त्याची थट्टा करण्याचा अधिकार निदान आम्हांस नाहीं. त्या दिवशीं सरकत्या पट्ट्यावर आमच्या एका बाजूस एक फार स्थूल तरुण चालत होता, दुसऱ्या बाजूस आमच्याच वयाची एक बाई. आम्ही अर्धा तास चाललों, आणि आमच्या बरगड्यांचा आम्हांस खरोखरच विसर पडला.

परंतु टीकाकारानें पुढचें पानहि उलटावें लागतें. त्याच भिंतीवर पुढें 'लंक' ह्या शब्दाची व्याख्या शब्दकोशाच्या थाटांत दिलेली आहे. लंक म्हणजे जो हुंकार देतो, वजनें आपटतो अथवा दुसऱ्याचा निवाडा करतो तो. खालीं उदाहरणादाखल एक रिकार्डो कल्पिला आहे. तो वजनें आपटतो, पहिलवानी बिनबाह्यांचा सदरा घालतो, आणि भल्यामोठ्या बुधल्यांतून पाणी पितो. म्हणून तो लंक. अशा इसमासाठीं भोंगाहि ठेविलेला आहे. तो वाजला कीं सर्व माना त्याच्याकडे वळतात. २००६ सालीं न्यू यॉर्क राज्यांतील एका शाखेनें हुंकाराच्या आरोपावरून एका सभासदास बाहेर काढलें, तेव्हां ती बातमी वृत्तपत्रांतून बरीच गाजली होती. संस्थेच्या एका गाजलेल्या जाहिरातींतहि हाच प्रसंग रंगविला आहे. परदेशी उच्चारांचा एक राक्षसी देहाचा माणूस शाळा पाहावयास येतो; त्यास कांहींहि विचारलें तरी आपण वस्तु वर उचलतों व खालीं ठेवतों एवढेंच तो सांगतो; आणि दाखविणारा त्यास हळूच दाराबाहेर काढतो.

प्रसंग हंसूं आणणारा आहे, आम्हीहि हंसलों. पण हंसून झाल्यावर ध्यानांत आलें कीं, हें हंसूं आमच्या ओळखीचें आहे. तालमींत बरगड्यांस हंसत, येथें दंडांस हंसतात. पाणी कोणत्या भांड्यांतून प्यावें ह्यावरून माणसाची जात ठरविणें हा निवाडा नव्हे तर दुसरें काय? ज्या घरीं निवाड्यास बंदी आहे तेथें निवाड्याचा भोंगा टांगावा लागतो, ही विसंगति लिहिणारास दिसली नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. दुबळ्यांचें धैर्य टिकविण्यासाठीं कोणी तरी एक हास्यास्पद बलवान लागतो, हें त्यानें ओळखलें असावें. इतकेंच कीं, ह्या शाळांतून मोकळा लोखंडी दांडाहि सहसा आढळत नाहीं. रुळांत बसविलेला, वरखालीं सरकणारा दांडा असतो. म्हणजे रिकार्डोस बाहेर ठेवण्याचें निम्में काम यंत्रांनींच केलेलें आहे. भिंतीवरची चेष्टा वगळली असती तरी चाललें असतें.

ह्याहून मोठा आक्षेप गणिताचा आहे. वर दिलेल्या आंकड्यांचा भागाकार केला तर एकेका शाखेच्या वांट्यास सात हजारांवर सभासद येतात. आम्ही पाहिलेल्या दालनांत यंत्रें शेंदोनशें असतील. सारे सभासद उद्यां सकाळीं नित्यनेमानें येऊं लागले, तर रांग हमरस्त्यापर्यंत जाईल. दहा डॉलरांचें हें औदार्य न येणाऱ्यांच्या वर्गणीवर उभें आहे. ही गोष्ट ह्याच संस्थेची आहे असें नव्हे. देलाविन्या व माल्मेन्डियर ह्या अर्थशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं न्यू इंग्लंड प्रांतांतील तीन व्यायामशाळांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्या शाळा बऱ्याच महाग, दरमहा सत्तर डॉलरांवर वर्गणी घेणाऱ्या होत्या. तेथील मासिक सभासद महिन्यास सरासरी सवाचार वेळांच्या आंतबाहेर येत व दर खेपेस सतरा डॉलरांवर पैसे भरीत. दहा खेपांचें तिकीट घेतलें असतें, तर खेपेस दहा डॉलर पुरते! माणूस उद्यांच्या आपल्याविषयीं किती उदार मत बाळगतो ह्याचें ह्याहून चांगलें प्रमाण आम्हीं पाहिलें नाहीं. महागड्या शाळेचें बिल निदान बोंचतें; दहा डॉलर कोणास बोंचत नाहींत, म्हणून नांवहि कोणी काढून घेत नाहीं. आमच्या कन्येनें जानेवारींत नांव घातलें. आम्ही जुलैंत जाईपर्यंत ती कितीदां गेली होती असें विचारतां तिनें उत्तरादाखल चहा पुढें केला.

येथें आम्हांस तालमीची दुसरी अर्धी गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आम्ही जाणें बंद केल्यावर चौथ्या दिवशीं वस्तादांनीं एका मोठ्या मुलास आमच्या घरीं धाडलें. "पोरगा आला नाहीं, ताप आहे काय, असं वस्तादांनीं विचारलंय." आई म्हणाली, "अभ्यास आहे." आम्ही दाराआड उभे राहून ऐकत होतों. तो मुलगा आणखी दोनदां येऊन गेला. ज्या डोळ्यांस आमच्या बरगड्या दिसल्या त्याच डोळ्यांस आमची मोकळी जागाहि दिसली होती, हें तेव्हां आम्हांस कळलें नाहीं. ज्या शाळेंत कोणीच कोणाकडे पाहत नाहीं तेथें आलेल्यास अभय आहे. पण न आलेल्याची चौकशी करण्यास कोणी उरत नाहीं, आणि न आलेल्यांवर जिचा संसार चालतो तिनें ती कां करावी? लाज आणि आस्था हीं दोन्ही एकाच दारानें येत असतील, तर तें दार लावून घेण्यांत आपण काय गमावतों ह्याचा हिशेब भिंतीवर कोठें लिहिलेला नाहीं.

तरीहि आमच्या तालमींनीं ह्या गोष्टीचा गर्व वाहूं नये. त्या हौद्यांत आमच्या आईस, बहिणीस, लठ्ठ मुलास किंवा साठीच्या मधुमेही गृहस्थास कोणी कधीं बोलाविलें होतें? त्या दिवशीं जांभळ्या दालनांत हीं सारीं माणसें होतीं, आणि कोणी त्यांस दार लावून घ्या म्हणालें नाहीं.

दुसऱ्या आठवड्यांत आम्ही पुन्हां गेलों. शेजारच्या पट्ट्यांवर दोन वृद्ध बाया चालत होत्या; एकीच्या गुडघ्यास पट्टी होती. चालतां चालतां दुसरी तिला विचारीत होती, मंगळवारीं तूं कोठें होतीस, मी तुझी वाट पाहिली. पहिलीनें नातवाच्या दांताची कांहीं हकीकत सांगितली. दुसरीनें ती सबंध ऐकून घेतली, आणि गुरुवारीं नक्की ये, असें तिला बजावलें.