घरातली चार पावलं

वैद्यकीय मार्गदर्शिका कुणी चवीने वाचत नाही. पण ‘इंटरनॅशनल वर्किंग ग्रुप ऑन द डायबेटिक फूट’ने मधुमेही पायाच्या जखमेवरचा भार कसा कमी करावा, याविषयी 2023 साली काढलेली मार्गदर्शिका सावकाश वाचून पाहावी. शिफारशींच्या नुसत्या क्रमातही माणसाच्या स्वभावाची पक्की जाण दिसते.

पहिलीच शिफारस ठाम. बधिर पायाच्या तळव्याला, पुढच्या किंवा मधल्या भागात जखम असेल तर पहिली पसंती गुडघ्यापर्यंतच्या आणि रुग्णाला स्वतः काढता न येणाऱ्या साधनाला. मग ते पायाला सर्व बाजूंनी चिकटून बसणारं प्लास्टर असो, नाहीतर वरून पट्टी गुंडाळून पक्का केलेला, बुटासारखा ‘वॉकर’. दोन्हींपैकी काय निवडायचं? हाताशी काय आहे, प्लास्टर घालणारा किती तरबेज आहे, पाय किती वेडावाकडा झालाय आणि रुग्णाला काय पटतंय, ते बघून ठरवायचं.

एवढा आग्रह कशासाठी? बधिर पाय दुखत नाही; दुखत नाही म्हणून माणूस लंगडत नाही, आणि लंगडत नाही म्हणून दर पावलाला त्याच जागी दाब पडतो. ड्रेसिंग नीट चालू असूनही जखम भरत नाही. वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या अशाच बधिर पायांवर उपचार करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हे ओळखलं होतं, आणि प्लास्टरचा हा उपाय पुढे त्यांनीच अमेरिकेत नेला.

डेव्हिड आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांच्या 2001 मधल्या तुलनेत 12 आठवड्यांत प्लास्टर घातलेल्या सुमारे 90 टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या, काढता येणारा वॉकर दिलेल्यांपैकी 65 टक्के रुग्णांच्या. चाचणीत काही वॉकर प्लास्टरइतकाच दाब कमी करतात, मग माशी शिंकली कुठे? 2003 मध्ये 20 रुग्णांच्या कमरेला एक आणि वॉकरला एक, असं हालचाल मोजणारं यंत्र लावलं. दिवसभराच्या हालचालीपैकी जेमतेम 28 टक्के वॉकर घालून झाली होती. घरातल्या चार पावलांसाठी पट्टे आवळत कोण बसतो! हे आकडे ठाऊक असले, की पहिल्या शिफारशीचा ठामपणा अरेरावीचा वाटत नाही.

त्यानंतर मार्गदर्शिका पायरीपायरीने सैल होत जाते. न निघणारं साधन जमत नसेल तर काढता येणारं, पण ते घालायला रुग्णाला सतत प्रवृत्त करायचं. तेही नसेल तर योग्य पादत्राणाच्या जोडीने फेल्ट किंवा फोम. संसर्ग किंवा रक्तपुरवठ्याची अडचण मध्यम असेल तर पहिला आग्रहही सोडायचा, कारण जखम रोज डोळ्यांखाली हवी. तीव्र असेल तर आधी त्याच दुखण्याकडे वळायचं.

मला सर्वांत आवडते ती एक बारीकशी सूचना. जाड तळाच्या वॉकरमुळे एक पाय उंच होतो, तोल जातो. म्हणून दुसऱ्या पायातल्या बुटाचीही उंची वाढवण्याचा विचार करा. ही ओळ लिहिणाऱ्यांना जखमेइतकाच चालणारा माणूसही दिसतोय.

उणीव एवढीच, की मांडी घालून जेवणाऱ्या, भारतीय पद्धतीच्या संडासात बसणाऱ्या माणसाने गुडघ्यापर्यंतचं प्लास्टर कसं निभवायचं, ते तिथे सविस्तर येत नाही. ‘रुग्णाची पसंती’ या दोन शब्दांत ते सगळं कोंबलंय. उलगडून विचारायचं काम आपल्याकडच्या डॉक्टरांचं.