‘कस्टम’ या शब्दाचा व्यवहार : बर्गडॉर्फ गुडमन पेढीच्या इतिहासाची एक चिकित्सा

न्यूयॉर्क येथील बर्गडॉर्फ गुडमन या उंची वस्त्रांच्या पेढीचा इतिहास सामान्यतः तिच्या पत्त्यांच्या क्रमाने सांगितला जातो. आल्सेस प्रांतातून आलेल्या हर्मन बर्गडॉर्फ या शिंप्याने 1899 मध्ये युनियन स्क्वेअरनजीक दुकान थाटले. त्याच वर्षी एडविन गुडमन हा तरुण त्याच्याकडे उमेदवारीस आला. 1901 मध्ये तो भागीदार झाला आणि दुकानास दोघांचे जोडनाव मिळाले. 1914 मध्ये पेढी फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर, आज जेथे रॉकफेलर सेंटर उभे आहे तेथे गेली. 1928 मध्ये ती 58 व्या रस्त्यालगत, व्हँडरबिल्ट कुटुंबाचा प्रासाद पाडून मोकळ्या झालेल्या जागेवरील नव्या इमारतीत आली व तेथेच स्थिरावली. हा क्रम बिनचूक आहे. परंतु तो इमारतींचा इतिहास होय. ज्या कामाने पेढीचे नाव झाले, त्या मापावर शिवलेल्या वस्त्रांचा इतिहास त्यात जवळजवळ अनुल्लेखित राहतो. तो शोधावयाचा तर पेढीने आपल्या या कामास दिलेल्या एका शब्दाची चिकित्सा करणे उपयुक्त ठरते. तो शब्द म्हणजे ‘कस्टम’.

मापावर शिवलेल्या वस्त्रासाठी युरोप-अमेरिकेत तीन शब्द रूढ झाले. फ्रेंच ‘कुतूर’ याचा मूळ अर्थ केवळ शिवण; तेथे क्रियेचा निर्देश आहे. ब्रिटिश ‘बिस्पोक’ म्हणजे आधी बोलून ठेवलेले. तेथे शिंपी आणि गिऱ्हाईक यांच्यातील बोलीचा निर्देश आहे. अमेरिकेत रुळलेला ‘कस्टम’ हा शब्द सवय, वहिवाट या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे आलेला असून ‘कस्टमर’ म्हणजे मुळात वहिवाटीने येणारा. अर्थात या तिसऱ्या शब्दात शिवणाराही नाही आणि बोलीही नाही. आहे तो केवळ गिऱ्हाइकाचा दुकानाशी असलेला संबंध. दुसरा भेद कायद्याचा आहे. ‘ओत कुतूर’ या संज्ञेला फ्रान्समध्ये 1945 पासून कायद्याचे संरक्षण लाभले; विहित अटी पुऱ्या केल्याविना ती कोणास लावता येत नाही. ‘कस्टम’ला असे कुंपण कधीच नव्हते. त्याचा अर्थ दुकान ठरवील तो.

बर्गडॉर्फ गुडमनच्या कस्टम विभागात हा अर्थ काय होता? या विभागाची रेखाचित्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या वस्त्रविषयक ग्रंथालयात जतन केलेली असून त्यांत पॅरिसच्या वस्त्रगृहांच्या नमुन्यांवरून काढलेली अनेक चित्रे आहेत. त्या काळी अमेरिकन पेढ्या पॅरिसहून नमुने विकत आणीत आणि त्यांबरहुकूम पोशाख शिवून देत. म्हणजे ‘खास एका व्यक्तीसाठी’ या दाव्यातील खासपण पुष्कळदा कल्पनेचे नसून मापाचे होते. ही गोष्ट उणेपणाची मानण्याचे कारण नाही. परक्या देहासाठी बेतलेला नमुना दुसऱ्या देहावर चपखल बसविणे, त्यासाठी पुन्हा पुन्हा अंगावर घालून पाहणे, उसवणे आणि फिरून शिवणे, हेच या कलेचे मर्म होय. मात्र ते मर्म ज्या हातांत होते, त्या हातांची नावे इतिहासात येत नाहीत.

याचे ठळक उदाहरण म्हणजे जानेवारी 1961 मध्ये जॅकलिन केनेडी यांनी अध्यक्षीय शपथविधीच्या नृत्यसमारंभात परिधान केलेला शुभ्र पोशाख. तो या विभागात तयार झाला. त्याची कल्पना स्वतः श्रीमती केनेडी यांची आणि आराखडा विभागाच्या प्रमुख एथेल फ्रँको यांचा, असे सांगितले जाते. येथे दोन नावे मिळतात हेही थोडे नव्हे. पण रुपेरी भरतकाम असलेली त्याची चोळी कोणी भरली, हे त्या श्रेयनोंदीत येत नाही. ‘बर्गडॉर्फने पोशाख बनविला’ अशा वाक्यात पेढी कर्तेपदी बसते आणि खरा कर्ता वाक्याबाहेर जातो. मराठीत या व्यवहाराची तीन क्रियापदे सहज वेगळी होतात : गिऱ्हाईक शिवून घेते, मालक शिववितो आणि कारागीर शिवतो. ‘शिवून घेणे’ या प्रयोगात ‘कोणाकडून’ हा प्रश्न अध्याहृत असतोच. ‘विकत घेणे’ यात तो उरत नाही.

आणि पेढीचा पुढील प्रवास नेमका या दुसऱ्या क्रियापदाकडे झाला. मापावर शिवणाऱ्या श्रेष्ठ दर्जाच्या पेढ्यांत तयार कपडे प्रथम ठेवण्याचे श्रेय 1914 च्या सुमारास एडविन गुडमन यांसच दिले जाते. कस्टम विभागाच्या कीर्तीमुळे तयार कपड्यांना मोल आले आणि तयार कपड्यांच्या विस्तारामुळे कस्टम विभागाची गरज ओसरत गेली. 1951 मध्ये एडविन यांचे पुत्र अँड्र्यू गुडमन पेढीचे अध्यक्ष झाले. त्यांच्याच कारकीर्दीत 1969 मध्ये हा विभाग बंद झाला आणि 1972 मध्ये पेढी ब्रॉडवे-हेल या मोठ्या व्यापारी संस्थेस विकली गेली. या अंताचे खापर सामान्यतः बदलत्या अभिरुचीवर फोडले जाते. अभिरुची बदलली हे खरेच. तथापि त्या बदलाचे दार पेढीनेच पंचावन्न वर्षे आधी उघडले होते, हे विसरता येत नाही.

या इतिहासात एक नोंद गमतीची म्हणून नेहमी सांगितली जाते. ज्या इमारतीत कारखाना चालतो तेथे राखणदाराखेरीज कोणी राहू नये, असा शहराचा नियम असल्याने वरच्या मजल्यावरील ऐश्वर्यसंपन्न सदनिकेत राहणाऱ्या गुडमन कुटुंबाची दप्तरी नोंद इमारतीचे राखणदार अशी होती. ही कथा हसून सोडून देण्याजोगी नाही. त्या नियमाचे कारणच मुळी त्याच छपराखाली चाललेली शिवण हे होते. मालकास वरच्या मजल्यावर राहता यावे म्हणून दप्तरात एक शब्द शोधला गेला. खालच्या मजल्यांवर सुई चालविणाऱ्यांसाठी मात्र इतिहासकारांनी अद्याप तो शोधलेला नाही. पेढीच्या पुढील अभ्यासकाने पत्त्यांच्या यादीऐवजी तेथून आरंभ करावा, हे उचित होय.