हायड्रोजनेशनचा बाण एवढा सरळ नाही

नेट-सेटच्या तयारीला बसलेल्या मुलांच्या वह्यांत हायड्रोजनेशन एका ओळीत संपतं: अल्कीन, बाणावर एच-टू आणि निकेल, पुढे अल्केन. एनसीईआरटीचं अकरावीचं पुस्तक यापेक्षा थोडं जास्त सांगतं. धातू हायड्रोजनला पृष्ठभागावर धरतो, एच-एच बंध सैल करतो. निकेलला प्लॅटिनम-पॅलेडियमपेक्षा जास्त तापमान आणि दाब लागतो. हे सगळं बरोबर आहे. पण पुस्तक तिथेच थांबतं, आणि खरी गंमत नेमकी तिथून सुरू होते.

होरिउटी आणि पोलानी यांनी १९३४ मध्येच मांडलं होतं की दोन हायड्रोजन एकदम जोडले जात नाहीत. आधी एक जोडला जातो. मग एक कार्बन धातूला चिकटलेला, शेजारचा मोकळा, आणि मधला डबल बॉण्ड आता सिंगल, म्हणजे फिरू शकणारा. दुसरा हायड्रोजन लगेच मिळाला तर अल्केन. नाही मिळाला तर हा अर्धवट रेणू शेजारच्या कार्बनवरचा एक हायड्रोजन धातूला परत देतो आणि पुन्हा अल्कीन होतो. हे एलिमिनेशनच आहे की! फक्त ई-टूसारखं बेस वापरून होणारं नाही. परत येताना सिसचा ट्रान्स होऊ शकतो, डबल बॉण्ड एक घर सरकूही शकतो.

आपण मात्र एलिमिनेशन हॅलाइड आणि अल्कोहोलच्या धड्यात शिकतो, हायड्रोजनेशन हायड्रोकार्बनच्या. दोघांची भेटच होत नाही.

याची किंमत वनस्पती तुपात दिसते. ओलेइक आम्ल १३-१४ अंशांना वितळतं, त्याचा ट्रान्स भाऊ इलायडिक ४४ च्या आसपास, स्टिअरिक ६९ च्या. म्हणजे डालड्याचा घट्टपणा फक्त संपृक्ततेचा नाही, ट्रान्सचाही आहे. दाब कमी, तापमान जास्त ठेवलं की निकेलवर हायड्रोजनची टंचाई होते आणि ट्रान्स वाढतं. दहावीचं पुस्तक तेलाच्या हायड्रोजनेशनचं उदाहरण देतं, संपृक्त चरबी वाईट म्हणतं, आणि ट्रान्सचं नावही घेत नाही. तिकडे एफएसएसएआयने जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. सक्करदऱ्याहून अमरावती रोडला गेलं की १९४२ पासूनची एलआयटी आहे, तिथे तेल तंत्रज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. एवढ्या जवळचं उदाहरण आपल्या बीएस्सीच्या वर्गात क्वचितच येतं.

लॅबमध्ये हे नडतं ते असं: जीसीत नवीन पीक येतो, मास मात्र सुरुवातीच्या अल्कीनइतकाच. बाणावर विश्वास असलेला विद्यार्थी त्याला अशुद्धी समजून सोडून देतो. हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम वापरून पाहा. उरलेल्या अल्कीनमध्ये ड्युटेरियम सापडलं, तर तो रेणू निकेलवर जाऊन, अर्धं काम करून परत आलेला आहे.