शेवटचं कडवं कुणाचं? वामनदादा कर्डक आणि फिरत्या गायकाची कारकीर्द

गेल्या व्याख्यानात लातूरला आपण शाहिरी परंपरेबद्दल बोललो. आज नांदेडला आपण एकाच माणसाबद्दल बोलू. लोककवी वामनदादा कर्डक.

सुरुवात आपल्या भागातूनच करू. चौदा एप्रिलला जयंती असते हे सगळ्या देशाला माहीत आहे. पण नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला निघालात, तर मे महिन्यातही गावोगाव निळे झेंडे आणि मांडव दिसतात. का? कारण एक गायक पार्टी चौदा तारखेला शंभर गावांत गाऊ शकत नाही. मग आज या गावाची जयंती, परवा त्या गावाची. म्हणजे बघा, गायकाच्या पायांनी इथलं कॅलेंडर ठरवलंय. गाणाऱ्या माणसाला एवढं महत्त्व असलेला हा मुलूख आहे. आणि याच मुलखात गाणं लिहिणाऱ्याचं नाव पुसलं जातंय, हा आजचा आपला मुद्दा.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे गाव. शाळा नाही. मुंबईत गिरणीत काम, कोळशाच्या वखारीत काम, फेरीवाल्याचा धंदा. शिवडीच्या चाळीत राहताना, मोठेपणी, समता सैनिक दलातल्या एका मास्तरांमुळे अक्षरओळख झाली. १९४३ साली पहिलं गीत लिहिलं. तिथून २००४ च्या मे महिन्यात निधन होईपर्यंत ते लिहीत आणि गात राहिले. साठ वर्षं!

आता या कारकिर्दीचा हिशेब मांडायचा कसा? कवी म्हटलं की आपण आधी पुस्तकं मोजतो. त्यांचा 'वाटचाल' हा संग्रह आला १९७३ साली, 'मोहळ' १९७६ साली. म्हणजे छापील कवी म्हणून वामनदादा पन्नाशीत जन्मले. त्याआधीची तीस वर्षं कुठे गेली? ती बिदागीत, एसटीच्या प्रवासात, कुणाच्या तरी ओसरीवरच्या मुक्कामात. सिनेमालाही त्यांची गाणी मिळाली, १९५९ च्या 'सांगत्ये ऐका' मध्ये त्यांचं एक गाणं आहे. पण सिनेमा हा त्यांचा मुक्काम झाला नाही. ते पुन्हा वस्तीवर आले.

आमच्या समीक्षेने इथेच चूक केली. 'प्रचारगीतं' असा शिक्का मारला आणि वाचन थांबवलं. अमेरिकेत बॉब डिलनला २०१६ साली साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा 'गाणं म्हणजे साहित्य का?' यावर आपल्याकडेही चर्चा झाली. आमचं म्हणणं, त्या चर्चेसाठी एवढं लांब जायची गरज नव्हती.

त्यांच्या गाण्याची बांधणी बघा. ओळ आखूड, ढोलकीच्या ठेक्यात बसणारी. ध्रुवपद असं की एकदा ऐकलं की समोरचा माणूस कोरसमध्ये सामील. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे प्रश्न. देशातल्या बड्या उद्योगपतींची नावं घेऊन 'या धनातला आमचा वाटा कुठे?' असं विचारणारं त्यांचं गाणं आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ते निव्वळ महामानवाचं गुणगान नाही, तो अर्थशास्त्राचा सवाल आहे. न शिकलेल्या बाईलाही कळेल आणि प्राध्यापकालाही अडचणीत टाकेल, असा.

सगळंच सोनं आहे असं मात्र आम्ही म्हणणार नाही. हजारो गाणी लिहिणाऱ्या माणसाची काही गाणी त्या रात्रीपुरतीच असतात. कुठे यमकासाठी शब्द ओढून आणलेला दिसतो. कुठे सिनेमाच्या चालीचा भार शब्दांना पेलत नाही. गौरवगीतांत त्याच त्या उपमा परत येतात. हे बोलायला घाबरू नये. ज्याला आपण कवी मानतो त्याचीच अशी छाननी होते.

आता मुद्द्यावर येऊ. वामनदादांच्या कितीतरी गाण्यांत शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव येतं. ही नाममुद्रा. तुकोबांच्या अभंगात असते तशी. संतांसाठी ती नम्रतेची खूण होती, शाहिरांसाठी ओळखीची. फिरत्या गायकासाठी ती आणखी काहीतरी आहे. त्याच्याकडे करारपत्र नाही, कंपनी नाही, मॅनेजर नाही. गाणं एका गावात गायलं की दुसऱ्या दिवशी ते गावाचं. मग त्याने मालकीचा कागद गाण्याच्या पोटातच शिवून टाकला. गाणं जाईल तिथे नाव जाईल.

आणि आज काय होतंय? डीजेच्या मिक्समध्ये ध्रुवपद आणि एक कडवं राहतं. बाकी कापलं जातं. कापलं जातं ते नेमकं शेवटचं कडवं! बॅनरवर गायकाचा फोटो, साउंडवाल्याचं नाव, गीतकाराचं नाव कुठेच नाही.

कुणी म्हणेल, गाणं समाजाचं झालं, यातच कवीचा मोठेपणा. यात तथ्य आहे. पण तुकोबांचे अभंगही समाजाचेच झाले ना? कीर्तनकार शेवटचा चरण कापत नाही. दुसरा आक्षेप असा की नाममुद्रा हा पक्का पुरावा नव्हे, 'तुका म्हणे' लिहून दुसऱ्यांनीही अभंग रचले. हेही बरोबर. म्हणूनच गाण्यांच्या वह्या, जुन्या पुस्तिका, कॅसेट नीट जमवून ताडून पाहणं हे काम आहे आणि ते आपल्या विद्यापीठांचं आहे.

कायदा काय सांगतो? आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो. म्हणजे वामनदादांच्या गाण्यांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराला मानधनातला वाटाही दिला. पण वाटा मिळायला आधी नाव लागतं. आयुष्यभर 'वाटा कुठे?' विचारणाऱ्या माणसाचाच वाटा आपण खातोय, हे ध्यानात घ्या.

मराठवाड्याला तर नावाची किंमत कुणी शिकवायला नको. विधिमंडळाचा ठराव जुलै १९७८ चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. साडेपंधरा वर्षं एका नावासाठी हा प्रदेश पेटत राहिला. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळेंचा जीव गेला, नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. नाव म्हणजे फक्त अक्षरं नसतात, हे इथल्या माणसाला कळतं.

म्हणून शेवटी एवढंच सांगणं. येत्या जयंतीला पार्टी ठरवताना एक अट घाला. गाणं पूर्ण गायचं, शेवटच्या कडव्यासकट. आणि सुरू करण्याआधी माईकवर सांगायचं की हे गाणं कुणी लिहिलं. खर्च शून्य. वेळ अर्धा मिनिट.

प्रश्न असतील तर विचारा.